उद्यांच्या हवेचें गणित



नववीच्या वर्गांत हवामानाचा पाठ चालू असतांना आम्हीं एकदां सहज विचारलें, "२०५० सालीं नाशिकची हवा कशी असेल?" एक मुलगा म्हणाला, "सर, तें ज्योतिषाला विचारावें लागेल." वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रांत कामास आहेत. तिनें विचारलें, "सर, कोळसा जाळणें बंद करावें लागेल असें सगळे म्हणतात, मग आमच्या बाबांचें काय?" वर्ग एकदम गप्प झाला. तास संपला तरी आम्हांस तिला नीट उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख त्या दोघांसाठीं आहे.

प्रथम ज्योतिषाचा प्रश्न घेऊं. सूर्याच्या उन्हानें पृथ्वी तापते आणि ती उष्णता पुन्हां आकाशांत सोडते. परंतु हवेंतील कांहीं वायु घोंगडीप्रमाणें ती उष्णता अडवून धरतात. त्यांस हरितगृह वायु म्हणतात. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या पुस्तकांतील कर्बाम्ल वायु, हा त्यांतील मुख्य होय. कोळसा, डिझेल, पेट्रोल व स्वयंपाकाचा गॅस जाळल्यानें तो निर्माण होतो. १८९६ सालीं आऱ्हेनियस नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानें कागदावर दीर्घ आकडेमोड करून सांगितलें कीं, हा वायु दुप्पट झाला तर पृथ्वीचें तपमान पांच-सहा अंशांनीं वाढेल. आजचे शास्त्रज्ञ ही वाढ सुमारे तीन अंश धरतात. साधनें नसतांना केलेला तो हिशेब दिशेनें अगदीं बरोबर होता.

परंतु त्याच गृहस्थाची दुसऱ्या ठिकाणीं मोठी चूक झाली. हा वायु इतका वाढण्यास हजारों वर्षें लागतील असें त्यास वाटलें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हां ते ३१५ भरले. २०२४ सालीं ते ४२४ वर गेले. म्हणजे मूळच्या दीडपट होण्यास आऱ्हेनियसच्या हिशेबानंतर सव्वाशें वर्षेंच पुरलीं! सृष्टीचा नियम त्याला कळला. माणूस किती जाळील हें मात्र त्याला कळलें नाहीं.

या लेखांतील मुख्य गोष्ट हीच आहे. भविष्याच्या या गणितांत दोन भाग असतात. एक सृष्टीचा नियम. तो बदलत नाहीं. दुसरा माणसाचें वर्तन. तें अद्यापि ठरावयाचें आहे. म्हणून शास्त्रज्ञ ज्योतिषाप्रमाणें एकच उत्तर देत नाहींत. ते "जर असें केलें, तर असें होईल" या रीतीनें अनेक वाटा आंखून दाखवितात. संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या हवामान-मंडळानें २०२१ सालच्या अहवालांत अशा पांच वाटा दिल्या आहेत. जो मार्ग सर्वांत सावध, त्यावर शतकाच्या अखेरीस पृथ्वीचें तपमान यंत्रयुगापूर्वींच्या मानानें सुमारे १.४ अंशांनीं अधिक राहील. जो सर्वांत बेफिकीर, त्यावर ४.४ अंशांनीं. मधलें तीन अंशांचें अंतर आकाशानें ठरविलेलें नाहीं. तें आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे.

आतां हा हिशेब कसा मांडतात तें पाहूं. काया नांवाच्या जपानी पंडितानें तो चार संख्यांच्या गुणाकारांत बसविला आहे: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, प्रत्येक रुपयाच्या उत्पन्नामागें लागणारी ऊर्जा, आणि प्रत्येक मापाच्या ऊर्जेमागें निघणारा वायु. पहिली संख्या एकदम कमी होत नसते. दुसरी कमी व्हावी अशी इच्छा कोणी शहाणा माणूस करणार नाहीं. ज्या घरांत उन्हाळ्यांत पंखाही नाहीं, त्या घराला काटकसर शिकविणें म्हणजे क्रूरपणा होय. भारतांतील माणसामागें वर्षाला सुमारे दोन टन कर्बाम्ल वायु निघतो, अमेरिकेंत सुमारे चौदा टन. म्हणून आपला सगळा भर उरलेल्या दोन संख्यांवर असला पाहिजे.

एक उदाहरण फळ्यावर सोडवूं. एका घरीं महिन्याला १०० युनिट वीज लागते, म्हणजे वर्षाला १,२००. आपल्या देशांत एका युनिटामागें सरासरी सुमारे ७०० ग्रॅम वायु निघतो; म्हणून वर्षाचे ८४० किलो झाले. विजेचा वापर दरसाल शेंकडा ५ नें वाढत गेला, तर तो सुमारे १४ वर्षांनीं दुप्पट आणि २८ वर्षांनीं चौपट होतो. म्हणजे ४,८०० युनिट आणि ३,३६० किलो! या काळांत आपण वीज निम्मी स्वच्छ केली, तरी १,६८० किलो उरतात, म्हणजे आजच्या दुप्पट. नुसतें आजच्या ठिकाणीं राहण्यासाठीं सुद्धां युनिटामागचा वायु चतुर्थांशावर आणावा लागेल. सुधारणेचा वेग वाढीच्या वेगाहून अधिक असला, तरच बेरीज उतरते.

येथें आणखी एक खोंच आहे. हा वायु हवेंत शेंकडों वर्षें टिकतो. शाळेच्या हौदाचा नळ थोडा बारीक केला म्हणून हौदांतील पाणी उतरत नाहीं. तें केवळ सावकाश चढतें. जितकें पाणी येतें तितकेंच बाहेर जाऊं लागलें म्हणजे मगच पातळी थांबते. "निव्वळ शून्य" या शब्दांचा अर्थ हाच. भारतानें २०२१ सालीं ग्लासगो येथील परिषदेंत हें ध्येय २०७० सालापर्यंत गांठण्याचें वचन दिलें. मुंबई महापालिकेनें मार्च २०२२ मध्यें आपला आराखडा प्रसिद्ध करून स्वतःसाठीं २०५० साल नेमलें. तिच्या हिशेबांत शंभरांतील सत्तरांहून अधिक भाग वीज व इतर ऊर्जेच्या वापराचा निघाला.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. एकलहऱ्यास २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळांत उभे राहिले. असा एक संच पूर्ण शक्तीनें चालला तर तासाला २ लक्ष १० हजार युनिट वीज देतो. कोळशाच्या विजेंत युनिटामागें सुमारे एक किलो वायु निघतो, म्हणजे तासाला सुमारे २१० टन. दुसरीकडे द्राक्षांचें पाहा. २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं निफाड भागांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि तयार होत आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. एका गारपिटीचा दोष एकट्या या वायूवर ठेवणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं. परंतु हवा एका अंशानें तापली कीं सुमारे शेंकडा ७ अधिक बाष्प धरूं शकते आणि त्यामुळें मोठ्या पावसाचा जोर वाढतो, हें मात्र पक्कें आहे. आमच्या वर्गांत बागाईतदारांचीं मुलें आणि वीजकेंद्रांतील कामगारांचीं मुलें एकाच बाकावर बसतात. एकाचें पोट वांचविण्यासाठीं दुसऱ्याचें मारावें हें कोणत्याही गणिताचें खरें उत्तर नव्हे.

म्हणून त्या मुलीस आमचें उत्तर असें. बाळ, तुझ्या वडिलांनीं आम्हां सर्वांच्या घरांत उजेड आणला. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. परंतु जुने संच केव्हां तरी थांबतीलच, कारण यंत्रासही वय असतें. जें येणार हें आधीं कळतें, त्याची तयारी करतां येते. बाजूस पडतात ते संच. वीज वाहून नेणाऱ्या तारा, उपकेंद्रें आणि यंत्रांवर बसलेला कामगारांचा हात हें सारें पुढेंही उपयोगीच असतें. ही तयारी वेळेवर करणें व कामगाराला नवें शिक्षण देणें हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य आहे, आणि तें मागणें हा तुझा हक्क आहे. हिशेब आधीं मांडावयाचा तो याचसाठीं.

शिवाय अंदाज चांगल्या बाजूनेंही चुकतात. २०१० नंतरच्या दशकांत सौरवीज किती स्वस्त होईल हें फारच थोड्यांनीं ओळखलें होतें. तिचा खर्च शेंकडा ऐंशींहून अधिक उतरला. २०२५ सालीं भारताच्या एकूण वीजक्षमतेंत कोळसा-तेलाविना चालणाऱ्या साधनांचा वाटा निम्म्यावर पोंचला. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेंत मात्र अजून मोठा भाग कोळशाचाच आहे.

पालकांस एक विनंति. या महिन्याचें विजेचें बिल मुलांच्या हातीं द्यावें. मुलांनीं मागील बारा महिन्यांचे युनिट मांडावे, त्यांस ०.७ नें गुणावें, आणि घरांतील कोणता दिवा, कोणता पंखा बदलला असतां किती किलो कमी होतील तें काढावें. साठ वॅटच्या जुन्या दिव्याचें काम नऊ वॅटचा एलईडी दिवा करतो, एवढी खूण पुरे. आमच्या नववीच्या वर्गांतील मुलें २०७० सालीं साठीच्या उंबरठ्यावर असतील. त्या सालचें उत्तर आमच्या पिढीला पाहावयास मिळणार नाहीं. पण त्यांतील पहिल्या कांहीं ओळी आज आमच्याच हातून लिहिल्या जात आहेत, आणि पुढच्या ओळी तुमच्या हातून लिहिल्या जावयाच्या आहेत.