गोमांस आणि कर्बाचा ताळेबंद

प्रश्न : अटलांटातील दुकानांत ‘हवेतील कर्ब घटविणारे’ गोमांस मिळते. हा दावा ग्राह्य धरावा काय?

उत्तर : जॉर्जियातील ‘व्हाइट ओक पाश्चर्स’ या शेताविषयीच्या, जनरल मिल्स कंपनीच्या खर्चाने झालेल्या 2019 च्या अहवालाने तसा निष्कर्ष जाहीर केला खरा, परंतु तेथील सर्व पशुधनाचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या 2020 च्या शोधनिबंधात उत्सर्जन प्रचलित पद्धतीहून 66 टक्के कमी, म्हणजे शून्याहून अधिकच, आणि जमीन मात्र अडीचपट लागते, असे निष्पन्न झाले. शिवाय मातीतील कर्ब एकाच रानात सलग वीस वर्षे मोजलेला नव्हता. निरनिराळ्या काळी कुरण झालेल्या रानांची ती तुलना होती. झिजलेली माती आरंभी कर्ब झपाट्याने धरते, पुढे तो वेग मंदावतो. गुरांचा मिथेन मात्र अव्याहत चालू राहतो. मातीची ही सुधारणा स्तुत्यच आहे. तथापि मोजणीची मुदत आणि लागलेली जमीन विक्रेत्याने नमूद केली नसेल, तर आपण तो दावा ग्राह्य धरू नये.