कंपवातावरची ‘नवी’ बातमी वाचताना

बाबांना कंपवात झाल्यापासून ‘पेशी-रोपणाने आजार बरा’ अशी बातमी कोणी ना कोणी पाठवतंच. डॉक्टरांना विचारत, शोधनिबंध वाचत जे शिकले, ते रुग्णांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे.

१. प्रयोगातलं माकड आजारी कसं पडलं, ते आधी बघा.
१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं हेरॉइन टोचून घेतलेली काही माणसं अचानक ताठरली. त्यात एमपीटीपी हे रसायन होतं. पुढे तेच देऊन माकडांत कंपवाताची लक्षणं आणली गेली. डोपामिन बनवणाऱ्या पेशी त्यांच्यातही मरतात, पण झटपट. बाबांच्या मेंदूतली झीज वर्षानुवर्षं चालूच आहे.

२. किती काळ पाहिलं, ते विचारा.
क्योतो विद्यापीठात जुन ताकाहाशी यांच्या गटाने मानवी आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींना मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून) घडवलेल्या पेशी अशा माकडांच्या मेंदूत सोडल्या. २०१७ च्या निबंधानुसार हालचाल सुधारली, पेशी तगल्या आणि दोन वर्षांपर्यंत पाहूनही गाठ झाली नाही. मूलपेशींची मोठी भीती गाठीचीच असते. म्हणून ही दोन वर्षं मला सुधारणेइतकीच मोलाची वाटतात.

३. माकडात न दिसलेलं माणसात दिसू शकतं.
अमेरिकेतल्या गर्भपेशी-रोपणाच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. ४० रुग्णांपैकी निम्म्यांच्या कवटीला तुलनेसाठी नुसती छिद्रं पाडली होती. वयाने लहान रुग्णांना थोडा फायदा झाला. पण रोपणानंतर काहींना औषध कमी करूनही न थांबणाऱ्या अनावर हालचाली सुरू झाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी हा इशारा दिला नव्हता.

४. आशा धरा, आकडाही बघा.
२०२५ मध्ये क्योतोचेच माणसांवरचे निष्कर्ष आले. सात रुग्णांत गंभीर दुष्परिणाम नव्हता. परिणामासाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांची, औषधाचा असर उतरलेला असतानाची हालचाल सुधारली. वाचून भरून आलं. तरी रुग्ण सातच, आणि तुलनेला दुसरा गट नाही.

५. कोणी पैसे मागितले, तर थांबा.
आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपवातासाठी मूलपेशी मंजूर चाचणीतच वापरता येतात, उपचार म्हणून विकता येत नाहीत. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, पुढे किती वर्षं तपासणार ते विचारा. माकडांच्या बाबतीत घेतलेली काळजीसुद्धा जिथे घेतली जात नाही, तिथे मी बाबांना नेणार नाही.