संगीत नाटकातील माइक आणि त्यांचे नियंत्रण

आरंभी एका शब्दाविषयी खुलासा करणे आवश्यक आहे. रंगमंचावरील अनेक माइकचे आवाज एकत्र आणून कर्ण्यांकडे पाठविण्याच्या कामास ‘मिक्सिंग’ म्हणतात, आणि मराठीत त्यासाठी ‘ध्वनिमिश्रण’ हा प्रतिशब्द रूढ आहे. शब्द म्हणून तो निर्दोष आहे. परंतु संगीत नाटकापुरता विचार केला तर तो वाचकाची दिशाभूल करतो. कारण येथे मिसळण्यापेक्षा वगळण्याचेच काम अधिक असते.

बंगळूरच्या बसवनगुडी भागातील श्रोता गाण्यात मुरलेला आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या बंगलोर गायन समाजाचे सभागृह येथील के. आर. रस्त्यावर आहे. याच परिसरातील दुसऱ्या एका लहान सभागृहात हौशी मंडळींनी केलेले ‘कुरुक्षेत्र’ हे कन्नड पौराणिक संगीत नाटक पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. मराठी माणसाला ते परके वाटू नये. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. आणि पुढे दोन्ही भाषांतील नाटक मंडळ्यांनी एकमेकांच्या चाली मोकळेपणाने उचलल्या.

प्रसंग श्रीकृष्णाच्या शिष्टाईचा होता. दरबारात आठ नट, प्रत्येकाच्या अंगावर एकेक लहान बिनतारी माइक, आणि आठही माइक एकाच वेळी चालू. श्रीकृष्णाने पद्य उचलले मात्र, घागरीत तोंड घालून गावे तसा पोकळ आवाज सभागृहात घुमू लागला. कडेला बसलेल्या पेटीवाल्याचा सूर गायकाच्या सुरावर चढला. नियंत्रकाने गायकाचा आवाज वाढविला, तोच कर्ण्यातून शिट्टी निघाली. घाबरून त्याने सगळेच आवाज खाली आणले आणि भगवंतांची शिष्टाई पहिल्या चार रांगांपुरती उरली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, माइक काढूनच टाका, आम्हाला ऐकू येईल. ते रागाने बोलले खरे, पण निदान जवळजवळ बरोबर होते. काढायचे होते ते सात, आठवा नव्हे.

असे का झाले? कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तेथून पुन्हा कर्ण्यात जातो, आणि हे चक्र हाताबाहेर गेले की शिट्टी वाजते. चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वी मिळणारी आवाजवाढ सुमारे ३ डेसिबेलने घटते. एकाऐवजी आठ माइक उघडे ठेवले म्हणजे ९ डेसिबेल गमावले. मुखदुर्बळ नटाच्या बाबतीत एवढ्या फरकात शब्द ऐकू येणे वा न येणे ठरते.

पोकळपणाचे कारण निराळे आहे. श्रीकृष्णाचा आवाज त्याच्या माइकमध्ये आधी पोचतो, समोरच्या दुर्योधनाच्या माइकमध्ये किंचित उशिरा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दोन माइकपर्यंतच्या अंतरांत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर एक सहस्रांश सेकंदाचा उशीर होतो. हे दोन आवाज एकत्र आले की ५००, १५००, २५०० अशा कंपनसंख्यांना ते एकमेकांना मारतात. नट हलला की मारले जाणारे स्वरांशही बदलतात. म्हणून समोरासमोरच्या द्वंद्वात ज्याची ओळ त्याचाच माइक उघडा ठेवावा. दोघे आलिंगन देत असतील तर एकाच माइकवर दोघांचे बोलणे घ्यावे.

माइक छातीवर लावण्याची पद्धत सोयीची, पण नट मान वळवताच आवाज पडतो. कपाळावर केसांच्या कडेशी लावलेला माइक मानेबरोबरच वळतो, त्यामुळे तोंडापासूनचे अंतर कायम राहते. पौराणिक नाटकात तेथे नेमका मुकुट येतो! तेव्हा मुकुटाच्या पुढच्या कडेला जागा करावी लागते, आणि ते काम वेशभूषाकाराशी आधी बोलूनच होते.

पाश्चात्त्य संगीतिकेत नियंत्रक संहिता समोर ठेवून ओळीगणिक माइक उघडतो व मिटतो. शब्दाच्या आधीच्या श्वासावर सरकपट्टी वर गेली पाहिजे. नाहीतर पहिले व्यंजन कापले जाते. आपल्याकडे ही शिस्त हवीच, पण ती पुरत नाही. तेथे गीताची लांबी बहुधा ठरलेली असते. आपला गायक नट रंगला की पद वाढते, तान कोठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसते, आणि वन्स मोअर आला की संहितेचे पान उलटे फिरवावे लागते. तबलजी जसा गायकाच्या तोंडाकडे पाहून समेची वाट धरतो तसे नियंत्रकाला पाहावे लागते. तान चढली म्हणून घाईने आवाज दाबणे ही सर्वांत सामान्य चूक. चढण्यासाठीच ती घेतलेली असते. तिला जागा राहील इतपत गद्य आधीच मर्यादेत ठेवावे.

बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात आवाजाची फेक हीच सर्व व्यवस्था होती, आणि आवाज नटाकडूनच येई. आज तो कर्ण्याकडून येतो, नट नुसते ओठ हलवतो असे वाटते. यावर उपाय आहे. हेल्मुट हास यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, जो आवाज कानाशी आधी पोचतो त्याच्या दिशेने आपण उगम मानतो. मागून येणारा काही सहस्रांश सेकंद उशिराचा आवाज थोडा मोठा असला तरीही. म्हणून कर्ण्यांचा आवाज नटाच्या मूळ आवाजाच्या किंचित मागे राहील इतका उशीर यंत्रात ठेवतात. नट मागच्या सिंहासनापासून पुढे दिव्यांपर्यंत, सुमारे सात मीटर, चालत आला तर हा हिशेब २० सहस्रांश सेकंदांनी बदलतो. तालमीला न आलेल्या नियंत्रकाला ही चाल कळणार कशी? बसवनगुडीतील तो नियंत्रक, चौकशी करता समजले, त्या दिवशी दुपारी प्रथमच तेथे आला होता.