गाडीची शिस्त दारातल्या खुंटीपासून



वाहन चालवण्याचे नियम सांगणारे लेख आपण सर्वांनीच वाचलेले आहेत. डावीकडून चला, दिवा लाल असेल तर थांबा, वगैरे. ते सर्व खरेच आहे. पण आज आम्ही जरा आधीपासून सुरुवात करणार आहोत, म्हणजे गाडी सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी, घरातून.

काही वर्षांपूर्वीची, जुलै महिन्यातली गोष्ट. सकाळी आमच्या घरी गाडीची किल्ली सापडेना. टीव्हीवर पाहिली, देवघरात पाहिली, फ्रिजवर पाहिली. धाकट्याला उगाचच रागावून झाले. शेवटी ती सापडली धुण्याच्या बादलीत, आदल्या दिवशीच्या पँटच्या खिशात. दहा मिनिटे गेली. हेल्मेट कपाटावर, त्याच्यावर गोधड्यांचा ढीग. ते काढायला आणखी वेळ गेला असता, म्हणून तसेच निघालो. मागे पाचवीतली मुलगी बसलेली. रोवणीचे दिवस होते. बांधीतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर चिखल आणून टाकला होता. तो दिसला, ब्रेक दाबला, आणि गाडी आडवी झाली. मुलीचे कोपर सोलवटले. आमचे डोके गवतावर आपटले. मैलाचा दगड तिथून हातभर अंतरावर होता.

भेटायला आलेले सगळे चिखलाला दोष देऊन गेले. चिखल तर दर पावसाळ्यात असतोच. रोजच्या वेळेला, रोजच्या वेगाने निघालो असतो तर त्यातून हळू निघून गेलो असतो. आमच्या हिशेबाने तो अपघात धुण्याच्या बादलीत सुरू झाला होता.

आता थोडे गणित करू. आठवीच्या वरच्या मुलांनी वही काढावी. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. समोर काही आडवे आले की डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ठरवणे आणि हातापायांनी ब्रेक दाबणे, यात साधारण एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ११ मीटर पुढे गेली. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ९ मीटर. एकूण २० मीटर झाले, म्हणजे क्रिकेटची एक संपूर्ण खेळपट्टी. ओल्या रस्त्यावर हेच अंतर २७ मीटरच्या आसपास जाते. आणि ताशी ६० चा वेग असेल तर कोरड्या रस्त्यावरसुद्धा सुमारे ३७ मीटर लागतात. वेग दीडपट झाला तरी ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परीक्षेत हे सूत्र पाठ असलेली मुलेच रस्त्यावर ते विसरतात, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

दुसरे गणित त्याहून सोपे आहे. पंधरा किलोमीटर जायचे असेल तर ताशी ५० ने १८ मिनिटे लागतात आणि ताशी ६० ने १५. एवढी जोखीम घेऊन वाचली किती, तर तीन मिनिटे! किल्ली शोधण्यात गेलेली दहा मिनिटे रस्त्यावर भरून निघत नाहीत. ती घरातच वाचवावी लागतात.

म्हणून उपाय अगदी घरगुती आहे. दाराजवळ, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, दोन खुंट्या ठोकाव्यात. एक किल्लीसाठी, एक हेल्मेटसाठी. घरात शिरल्यावर चपला काढायच्या आधी किल्ली खुंटीवर गेली पाहिजे. हेल्मेट किल्लीच्या शेजारीच असावे, म्हणजे एक घेताना दुसरे दिसतेच. आणि हेल्मेट घेतले तर ते डोक्यावर घालावे, पट्टा हनुवटीखाली आवळून. कोपरात अडकवलेले किंवा आरशाला टांगलेले हेल्मेट चौकातल्या शिपायाला दाखवण्यापुरतेच असते. सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत मागे बसलेलेही चौदा हजारांवर होते. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी आपले मध्यप्रदेश देशात दुसरे होते. मागच्या माणसाला हेल्मेट कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा नीट पाहावेत.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत आणि कीर्तन नंतर संध्याकाळी करीत. घर आवरण्याचेही तसेच आहे, ते आधी यायला हवे. रात्री जेवणानंतर घरातल्या सर्वांनी मिळून दहा मिनिटे दिली तरी पुरते. दप्तर भरून ठेवणे, गणवेश काढून ठेवणे, जिन्यावरच्या आणि दारातल्या चपला बाजूला करणे, न्हाणीघरासमोरचे पाणी पुसणे. आजी-आजोबा रात्री उठतात तेव्हा त्यांच्या वाटेत स्टूल नसावे. आणि हे काम एकट्या आईचे नाही, हे घरोघरच्या दादा लोकांना वेगळे सांगावे लागते, म्हणून सांगतो.

पसारा गाडीतही होतो. कारमध्ये पाण्याची बाटली पायाशी टाकून देण्याची सवय फार वाईट. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. लग्नाहून येताना मागच्या काचेपाशी आहेराची भांडी रचून ठेवतात. जोराचा ब्रेक लागला की ती पुढच्यांच्या डोक्यावर येतात आणि मागचे तर काही दिसतच नाही. जड सामान डिकीत, खाली ठेवावे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. दुचाकीवर ओढणी आणि पदर खोचलेला असावा, आणि साडीसाठीची जाळी काढून टाकू नये. आरसे तर मुले शोभा जाते म्हणून आत वळवून ठेवतात!

आपल्याकडे गोंदिया, तुमसर, नागपूरला सोयरीक नाही असे घर विरळा. त्यामुळे लग्नसराईत रात्रीचे येणे-जाणे होतेच. धानाच्या हंगामात ट्रॉल्या आणि तणसाच्या गाड्या मागचा दिवा नसताना चालत असतात. अशा वेळी रात्री निघण्याऐवजी पाहुण्यांकडेच मुक्काम करून पहाटे उजाडल्यावर निघावे. कोणी नावे ठेवत नाही.

आता पालकांसाठी एक नाजूक विषय. आपल्या काही मुलांच्या हाती नववीतच स्कूटी येते. "ट्यूशन लांब आहे," "आमचा मुलगा जपून चालवतो," ही उत्तरे आम्ही ऐकली आहेत. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. १६ व्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटी त्याहून मोठ्या असतात. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा वरची खुंटी मुलांच्या हाताला न येणारी असावी असे आम्ही म्हटले, त्यात नववी-दहावीची उंच मुलेही धरावीत. त्यांच्यापुरती किल्ली आईबाबांच्या खिशात राहिली तरी चालेल, मात्र ती पँट धुवायला टाकण्याआधी खिसे तपासावेत.

मुलांनी एक प्रयोग करून पाहावा. मैदानावर चुन्याने एक रेघ मारा. तिथून टेपने ११, २०, २७ आणि ३७ मीटरवर आणखी रेघा मारा. पहिल्या रेघेवर एकाने उभे राहावे आणि ३७ मीटरच्या रेघेवर त्याच्या लहान भावाला किंवा बहिणीला उभे करावे. आईबाबा शाळेत आले की त्यांनाही त्या पहिल्या रेघेवर नेऊन उभे करा आणि समोर पाहायला सांगा.