डब्यावर नुसते ‘फायनल’

बासरीच्या अल्बमचे मास्टरिंग टेपवरच करायचे, हा प्रस्तुत लेखकाचा हट्ट. कॉम्प्युटरवरची २४ बिटची फाइल त्याला कोरडी वाटे. भाड्याच्या मशीनवर पाव इंची रीळ चढले, सेकंदाला १५ इंचांच्या वेगाने धावू लागले आणि तबल्याची थाप गोलसर ऐकू आली. स्वारी खूश! हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून मिक्सच्या फाइली त्याने पुसूनही टाकल्या. रीळ होते की हातात.

चार वर्षांनी तेच रीळ दुसऱ्या स्टुडिओत लावले, तर बासरी गोधडीतून वाजत असल्यासारखी आणि डग्गा फुगलेला.

“दादा, सुरुवातीचे टोन कुठायत?” इंजिनिअरने विचारले. मशीन जुळवून घेण्यासाठी रिळाच्या सुरुवातीला भरायचे ते टोन घेतलेच नव्हते. डब्यावर अल्बमचे नाव, ‘फायनल’ हा शब्द आणि चहाच्या कपाचा अर्धा गोल. बस्स.

टेपवर आवाज भरताना वरचे-खालचे स्वर ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करतात आणि वाजवताना ते उलटे फिरवतात. याच्या दोन मुख्य पद्धती आहेत: अमेरिकन एनएबी आणि युरोपीय आयईसी. एकीत भरून दुसरीत वाजवले की वरचा भाग मंदावतो नाहीतर चरचरतो. त्यात टेप वाचणाऱ्या हेडचा कोन किंचित हलला की तानपुऱ्याची झळाळी गेलीच. इंजिनिअरने बारीक स्क्रूड्रायव्हरने हेड फिरवत, निव्वळ तानपुरा ऐकत कोन जुळवला. दोन दिवस गेले. बरेचसे परत आले, सगळे नाही.

टेपच्या मोहात पडणाऱ्याने म्हणून आधी १ किलोहर्ट्‌झ, १० किलोहर्ट्‌झ आणि १०० हर्ट्‌झचे टोन भरावेत. डब्यावर वेग, पद्धत आणि पातळी लिहावी. रीळ उलटे न गुंडाळता शेवट बाहेर ठेवूनच कपाटात टाकावे. एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, तो मग मूळ आवाजाच्या आधी न येता मागून येतो आणि त्यातच बुडून जातो. सर्वांत महत्त्वाचे, त्याच दिवशी टेपवरून २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झची फाइल काढावी. तासाभराच्या स्टिरिओला जेमतेम २ जीबी लागतात. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि मिक्स पुसू नये, हे सांगायला नकोच.

टेपचा आवाज श्रेष्ठ की फाइलचा, या वादात लेखक आता पडत नाही. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या कित्येक महागड्या एलपी मूळ टेपवरून काढलेल्या डीएसडी या डिजिटल प्रकारच्या फाइलींपासून बनतात, हे २०२२ साली उघड झाले. तोवर ॲनालॉगचे कट्टर भक्तही त्या वाखाणत होते!

दमट हवेचे दुखणे वेगळेच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा चुंबकीय कण बांधून ठेवणारा थर ओलावा शोषून चिकट होतो. जाणकार त्या ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास शेकतात, तेव्हा कुठे काही काळापुरत्या वाजतात. ॲसिटेटच्या जुन्या टेपा मात्र शेकायच्या नसतात. घरच्या ओव्हनमध्ये तर कुठलीच नाही.