मुफुलिरा

मुलांनो, विजेच्या जुन्या तारेचा एखादा तुकडा सोलून पाहा. आतील लालसर धातूला उर्दूत आपण तांबा म्हणतो, मराठीत तांबे. आफ्रिकेतील झांबिया देशात मुफुलिरा हे तांब्याच्या खाणीचे शहर आहे. तेथे खाणीतला दगड दळून त्यातील तांबे वेगळे करीत आणि उरलेला ओला गाळ खाणीच्याच माथ्यावर साठवीत. मला विचाराल तर चूक येथेच झाली!

२५ सप्टेंबर १९७० रोजी पहाटे ती जमीन खचली. गाळ धो धो करीत खाणीत शिरला. खाली रात्रपाळीचे कामगार होते. बरेच जण कसेबसे बाहेर पडले. ८९ जण मरण पावले.

पुढे खाण पुन्हा सुरू झाली. कामगार पुन्हा त्याच जमिनीखाली उतरू लागले.