हिवाळ्यातील जलाशयी मासेमारी व जाळ्याचा आस

पावसाळा सरून नद्यांचे पूर ओसरले की धरणांचे जलाशय भरलेले असतात. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ गोड्या पाण्यातील मासेमारीस सोयीचा असतो. पाणी निवळलेले असते आणि थंडीमुळे पकडलेला मासा लवकर नासत नाही. तथापि कडाक्याच्या थंडीत जाळी रिकामी येऊ लागली की मासा संपला असा समज होतो व बारीक आसाची जाळी पाण्यात उतरतात. हा इलाज रोगापेक्षा भयंकर होय.

थंडीत मासा कोठे असतो?

माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. कटला, रोहू व मृगळ या माशांची वाढ २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चांगली होते. पाणी २० अंशांहून थंड झाले की त्यांचे खाणे व हिंडणे मंदावते. कल्ला जाळे माशाचा पाठलाग करीत नाही; हिंडणारा मासाच त्यात अडकतो. म्हणून रिकामे जाळे हे मासा संपल्याचे लक्षण नसून तो थंडावल्याचे लक्षण असू शकते.

रात्री काठचे उथळ पाणी लवकर गार होते, तेव्हा मासा खोल पाण्याकडे व बुडालेल्या जुन्या नदीपात्राकडे सरकतो. दुपारी ऊन तापल्यावर तो पुन्हा काठाकडे येतो. या जाण्यायेण्याच्या वाटेवर, म्हणजे उथळ व खोल पाण्याच्या मधल्या उतारावर, जाळे लावावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्याप्रमाणे दोऱ्या कमीजास्त करून जाळ्याची खोली बदलावी. निवळ पाण्यात दिवसा माशाला जाळे दिसते; यास्तव ते सूर्यास्तापूर्वी लावून पहाटे काढणे बरे.

आसाचा हिशेब

जाळ्याचा आस ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात. ताणलेला आस १० सेंटिमीटर असेल, तर त्या छिद्राचा घेर २० सेंटिमीटर होतो. ज्या माशाचा कल्ल्याजवळील घेर याहून कमी व पोटाचा घेर याहून अधिक असतो, तो त्यात अडकतो. लहान मासा निसटून जातो. हाच आस ५ सेंटिमीटर केला की घेर १० सेंटिमीटर होतो, आणि वीतभराहून लहान पिल्ले सापडू लागतात.

ही पिल्ले म्हणजे बहुधा त्याच पावसाळ्यात सोडलेली बोटुकली होत. समजा, प्रत्येकी १५० ग्रॅमची १०० पिल्ले धरली, तर १५ किलो मासळी मिळते. ती पाण्यातच राहू दिली, त्यांपैकी निम्मीच जगली व प्रत्येकी १ किलोची झाली, तरी ५० किलो मासळी हाती येते. शिवाय हे मासे साठलेल्या संथ पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नदीचे वाहते पाणी लागते. म्हणून गेलेली पिल्ले आपोआप भरून येत नाहीत. नवे बीज पैसे देऊन सोडावे लागते.

उजनीचा धडा

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयात आज चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा विपुल आहे. चिलापी संथ पाण्यातच वर्षातून अनेकदा वितो व पिल्ले तोंडात सांभाळतो. त्यामुळे बारीक जाळ्यानेही त्याचा वंश तुटत नाही. परंतु चिलापीसाठी लावलेल्या त्याच जाळ्यात कटला व रोहूची पिल्ले मरतात. ज्या जलाशयात दोन्ही प्रकारचे मासे आहेत, तेथे बारीक जाळ्याची झळ प्रथम मोठ्या जातींना बसते व अखेरीस कमी भावाची मासळीच उरते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. बोटुकली कोणत्या महिन्यात व कोणत्या आकाराची सोडली, याची नोंद संस्थेने ठेवावी.

२. पकडलेल्या काही माशांचा कल्ल्याजवळील व पोटाचा घेर दोरीने मोजावा व त्यावरून आस ठरवावा.

३. जाळी रिकामी आल्यास आधी जागा व खोली बदलावी. आस कमी करू नये.

४. सायप्रिनस मासा हिवाळ्याच्या उत्तरार्धात काठच्या पाणवनस्पतींवर अंडी घालतो. त्या काळात तेथे ओढ जाळे फिरवू नये.

५. नायलॉनचे जाळे पाण्यात कुजत नाही. हरवलेले जाळे मासे मारीतच राहते. ते शोधून बाहेर काढावे.

६. धुके दाट असताना होडी पाण्यात घालू नये. जाळे तासभर उशिरा काढल्याने होणारे नुकसान माणसाच्या जिवापुढे क्षुल्लक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमारांच्या बैठकीत दोन आसांची जाळी समोर पसरून त्यांतून लहानमोठे मासे घालून दाखवावेत. एकाने मोठा आस वापरून शेजाऱ्याने बारीक वापरल्यास पहिल्याचा संयम वाया जातो. म्हणून आसाचा निर्णय सर्व सभासदांनी एकत्र बसून घ्यावा व तो सर्वांनी पाळावा. शेतकरी हुरडा किती खावा व बियाणे किती राखावे हे जाणतो. जलाशयाच्या पिकालाही तोच नियम लागू आहे.